संशयाचे उचंत खाते

रहस्यकथा हा शब्द उच्चारला की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे बंद खोली, रक्ताचा डाग आणि जमिनीवर पडलेला देह उभा राहतो. त्यामुळे घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलाने रहस्यकथेचे पुस्तक मागितले, तर आजी-आजोबांच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. हिंसेचे वर्णन हा मुलांच्या करमणुकीचा विषय व्हावा, हे आपल्यासारख्या कुटुंबांना रुचत नाही. परंतु या वाङ्मयप्रकाराची एक शाखा अशी आहे की जिच्यात तपास आहे, पुरावा आहे, आरोप आहे, बचाव आहे, पण मृतदेह मात्र सहसा नसतो. तिच्यातील गुप्तहेर माणूस नसून उंदीर, डुक्कर, बेडूक किंवा मांजर असते. नातवंडांच्या निमित्ताने गेल्या काही महिन्यांत अशी बरीच पुस्तके माझ्या वाचनात आली. आरंभी त्यांना केवळ पोरखेळ समजून हाती घेतले होते. पण वाचता वाचता लक्षात आले की, पस्तीस वर्षे हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या माणसालाही त्यांत मन रमवण्यासारखे पुष्कळ आहे.

या शाखेतील एक लाडका नायक म्हणजे बेझिल नावाचा उंदीर. ईव्ह टायटस या अमेरिकन लेखिकेने १९५८ साली त्याची पहिली कथा प्रसिद्ध केली आणि पॉल गॅल्डोन यांनी तिची चित्रे काढली. शेरलॉक होम्स लंडनच्या बेकर स्ट्रीटवर २२१ बी क्रमांकाच्या घरात राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच घराच्या तळघरात उंदरांचे एक छोटे नगर वसलेले आहे, अशी टायटसबाईंची कल्पना. बेझिल वरच्या मजल्यावर जाऊन होम्सचे बोलणे कान देऊन ऐकतो, टिपणे काढतो आणि ती विद्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या संकटात वापरतो. त्याच्या पहिल्याच प्रकरणात उंदरांच्या दोन जुळ्या मुली पळवल्या जातात. पुढे १९८६ साली डिस्ने कंपनीने या कथांवरून चित्रपटही काढला. येथे गुरू माणूस आणि शिष्य उंदीर आहे. पण शिष्य गुरूच्या घरातील अन्न चोरून थांबत नाही, त्याची पद्धत उचलतो. उंदराने आपल्याकडून काय न्यावे, याचा इतका गोड विचार आपण पूर्वी कधी केला नसेल.

त्याच्याही आधी, १९३२ साली, वॉल्टर ब्रूक्स यांनी फ्रेडी नावाच्या डुकराला गुप्तहेर बनवले होते. न्यूयॉर्क राज्यातील एका शेतावर राहणाऱ्या या प्राण्यांवर ब्रूक्स यांनी १९२७ ते १९५८ या काळात एकूण २६ पुस्तके लिहिली. फ्रेडी आळशी आहे, कविता करणारा आहे, आणि होम्सच्या कथा वाचून त्याच्या डोक्यात तपासाचे वेड शिरले आहे. पहिला गुन्हा कोणता? तर शेतावरच्या मुलाची खेळण्यातील आगगाडी नाहीशी होते. ती उंदरांनी पळवलेली असते. त्या गाडीच्या आत बसून ते कोठारात धान्य चोरायला जातात, म्हणजे मांजराला त्यांच्यावर पंजा टाकता येत नाही. चिलखती गाडीची ही युक्ती वाचून माझ्या नातवाने टाळ्या पिटल्या. पुढे हेच उंदीर सूड म्हणून त्या मांजरावर एका कावळ्याला मारल्याचा खोटा आळ घेतात. प्राण्यांचे न्यायालय बसते आणि फ्रेडी आरोपी मांजराचे वकीलपत्र घेतो.

या पुस्तकातील एक विनोद तर मोठ्यांनीच वाचावा असा आहे. प्राणी शेतावर तुरुंग काढतात. पण आत टाकलेल्या कैद्यांचा वेळ खेळण्यात आणि गप्पांत इतका मजेत जातो, की बाहेरचे प्राणी आपणही आत जावे म्हणून मुद्दाम गुन्हे करू लागतात. शिक्षा कशासाठी असते, ती कोणाला लागू पडते, हा प्रश्न ब्रूक्स कोणताही उपदेश न करता मुलांच्या पुढे ठेवून देतात. मात्र एक गोष्ट मला खटकली. मांजर निर्दोष ठरते, पण उंदीर ते उंदीरच राहतात. ते जन्मानेच चोर आहेत, असे गृहीत धरूनच कथा पुढे सरकते. एकाच वाङ्मयात बेझिलच्या रूपाने उंदीर न्यायाचा रक्षक होतो आणि ब्रूक्सच्या शेतावर तोच उंदीर अट्टल गुन्हेगार ठरतो. मुलांना ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक द्यावीत. जात पाहून चोर ठरवता येत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

प्राण्यांना न्यायालयात उभे करण्याची कल्पना पश्चिमेची, असे मात्र समजू नये. तिची मुळे आपल्या घरात आहेत. पंचतंत्राची एक प्रसिद्ध आणि विस्तृत आवृत्ती पूर्णभद्र नावाच्या जैन मुनींनी इ. स. ११९९ मध्ये सिद्ध केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी योहानेस हर्टेल या जर्मन विद्वानाने तिचे संपादन केले आणि जगभरच्या अभ्यासकांना ती उपलब्ध झाली. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात लोखंडी तराजूची गोष्ट आहे. एक वाणी परगावी जाताना आपला वडिलोपार्जित लोखंडी तराजू दुसऱ्या व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून ठेवतो. परतल्यावर ठेव मागतो, तेव्हा उत्तर मिळते, ‘तो उंदरांनी खाल्ला.’ वाणी भांडत नाही. तो त्या व्यापाऱ्याच्या मुलाला नदीवर स्नानाला घेऊन जातो, एका गुहेत सुरक्षित ठेवतो आणि परत येऊन सांगतो की मुलाला ससाण्याने उचलून नेले. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांपर्यंत जाते. जिथे उंदीर लोखंड खातात, तिथे ससाणा मुलगा का नेणार नाही, या युक्तिवादापुढे ठेव गिळणारा निरुत्तर होतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते, कारण ठेवीचा अपहार करणारे असे ‘उंदीर’ प्रत्येक काळात असतात. पण आज मी तिच्याकडे निराळ्या बाजूने पाहतो. या कथेत आळ कोणावर आला? जे बोलू शकत नाहीत, बाजू मांडू शकत नाहीत, त्या उंदरांवर आणि ससाण्यावर. खोटे बोलणाऱ्याला बळीचा बकरा हवा असला, की तो मुका असलेला सोयीचा पडतो.

पंचतंत्रातील दमनक हा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो, बैलाचा घात घडवून आणतो आणि स्वतः मंत्रिपदी सुखाने नांदतो. ही कथा पहलवी भाषेतून अरबीत गेली. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने जेव्हा ‘कलिला व दिम्ना’ हा अरबी ग्रंथ तयार केला, तेव्हा दुष्टाला शिक्षा न होता गोष्ट संपावी, हे बहुधा त्याला सोसले नाही. मूळ संस्कृतात नसलेले एक संपूर्ण प्रकरण त्याच्या ग्रंथात आढळते, आणि ते त्याचीच भर असल्याचे मानले जाते. त्या प्रकरणात दिम्नाची चौकशी होते. बिबट्याने रात्री दोघा भावांचे बोलणे ऐकलेले असते. तो ते सिंहाच्या आईच्या कानी घालतो. दरबार भरतो. दिम्ना आपली बाजू इतक्या चातुर्याने मांडतो की केवळ संशयावरून त्याला दोषी ठरवता येत नाही. अखेरीस बिबट्या आणि तुरुंगातील आणखी एक प्राणी, अशा दोन साक्षी जुळतात आणि मगच निकाल लागतो. बेझिल आणि फ्रेडी यांच्या बारा शतके आधी लिहिले गेलेले हे प्राण्यांचे तपासप्रकरण आहे. साऱ्या दरबाराला खात्री होती, तरी साक्षी पुऱ्या होईपर्यंत दरबार थांबला, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

थांबणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला. ज्यांनी हिशेबाचे काम केले आहे, त्यांना ‘उचंत खाते’ माहीत असेल. एखादी रक्कम कोणाच्या नावे टाकायची हे निश्चित होत नसले, तर ती तात्पुरती या खात्यात ठेवतात. रक्कम लपवायची नाही, विसरायची नाही. पण खात्री होईपर्यंत ती कोणाच्याही माथी मारायचीही नाही, असा त्या खात्याचा धर्म आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तालुक्याच्या एका शाखेत संध्याकाळी रोकड मोजताना पाच हजार रुपये कमी भरले. पन्नासच्या नोटांचे एक पूर्ण पुडके. त्या काळी ही रक्कम आमच्यापैकी कित्येकांच्या दोन-तीन पगारांएवढी होती. दुपारी रोखपालाच्या पिंजऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवायला शिपाई गेला होता, एवढे एकाने सांगितले आणि सर्वांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आमचे व्यवस्थापक शांत स्वभावाचे होते. त्यांनी रक्कम रोकड तूट म्हणून उचंत खात्यात टाकायला लावली आणि नोंदीत कोणाचेही नाव येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका अडत्याचा मुनीम पुडके घेऊन आला. एकाऐवजी दोन पुडकी त्याच्या थैलीत गेली होती. हिशेब जुळला. कागदावर शिपायाचे नाव कधी आलेच नव्हते, त्यामुळे खोडण्याचा प्रश्न उद्भवला नाही. पण त्यानंतर तो कित्येक आठवडे आमच्यात बसून चहा घेत नसे. आपला पेला उचलून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसे. खातेवहीत उचंत खाते होते. माणसांच्या नजरेत ते नव्हते.

नजरेत ते खाते कसे उघडावे, हे शिकवणारे एक पुस्तक मला या वाचनात भेटले. डेबोरा आणि जेम्स हाउ या पतिपत्नींनी लिहिलेले ‘बनिक्युला’ हे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. एका कुटुंबाला चित्रपटगृहात सशाचे एक पिल्लू सापडते. तेथे रक्तपिपासू ड्रॅक्युलाचा चित्रपट चालू असतो, म्हणून पिल्लाला त्याच धर्तीचे नाव मिळते. घरात आधीपासून हॅरोल्ड नावाचा कुत्रा आणि चेस्टर नावाचे मांजर आहे. कथा कुत्रा सांगतो. ससा आल्यापासून स्वयंपाकघरातील भाज्या पांढऱ्याफटक पडू लागतात. टोमॅटो पांढरा, झुकिनी पांढरी. रंग आणि रस दोन्ही गेलेले. चेस्टर हे वाचनवेडे मांजर आहे. भयकथा वाचून वाचून त्याची खात्री होते की ससा पिशाच आहे, आज भाजीचा रस पितो आणि उद्या घरातल्यांवर उलटेल. मग ग्रंथात सांगितल्याप्रमाणे तो लसणाचा वापर करून सशाला अन्नापासून दूर ठेवतो. ससा दिवसेंदिवस मलूल होत जातो.

या कथेत नवल असे की मांजराने पाहिलेला पुरावा खोटा नाही. भाज्या खरोखरच पांढऱ्या झाल्या आहेत. अनुमानही सर्वस्वी चूक नसावे, कारण रस कोणीतरी शोषला आहेच. पण हॅरोल्डच्या मनात जी शंका येते, ती कोणत्याही निष्णात गुप्तहेराच्या प्रश्नापेक्षा मोठी आहे. या पिल्लाने कोणाचे काय वाईट केले? ते दुबळे होत चालले आहे, त्याला भूक लागली आहे. कुत्रा मग त्याच्या पोटात काही जावे म्हणून धडपडतो. ‘कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे तपास संपत नाही. ‘जे केले, तो अपराध आहे काय?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की अपराधाचा बंदोबस्त करण्याच्या भरात आपल्या हातून काय घडते आहे? पांढऱ्या टोमॅटोपायी एका जीवाला उपाशी ठेवणारे मांजर स्वतःला घराचा रक्षकच समजत असते. असे रक्षक आपण पाहिले नाहीत असे नाही.

हाच उतावळेपणा आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ असे आहे. अर्थात, पारख न करता केलेली कृती. त्यातील मुंगुसाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पाळण्यातील बाळाला वाचवण्यासाठी मुंगूस सापाशी झुंजते, त्याला ठार करते, आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने आईला सामोरे जाते. आई ते रक्त पाहते, बाळाला खाल्ले असे समजते आणि हातातील पाण्याची घागर त्याच्या अंगावर टाकते. रक्त खरे होते. तोंडावर होते हेही खरे. फक्त ते कोणाचे, हा प्रश्न विचारायला चार पावलांचा वेळ लागला असता. पाळणा आतल्या खोलीतच होता. मुले ही गोष्ट ऐकताना रडतात, आणि त्यांनी रडावे. पण रडून झाल्यावर ती रहस्यकथा म्हणूनही त्यांच्यापुढे मांडावी. पुरावा काय होता? त्याचे किती अर्थ संभवत होते? आईने कोणता अर्थ निवडला आणि का? एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, हा अनेकांताचा विचार पाठशाळेत शिकवताना बाल-वयाला अवघड जातो. या चार प्रश्नोत्तरांत तो सहज उतरतो.

प्राणी-गुप्तहेरांच्या अलीकडच्या कथांपैकी एक मला विशेष आवडली. उल्फ निल्सन या स्वीडिश लेखकाचा गॉर्डन हा बेडूक पोलीस अधिकारी आहे. वय झालेले, शरीर स्थूल, केकवर अपार प्रेम, आणि कागदावर शिक्का मारताना उमटणारा आवाज हा त्याच्या आयुष्यातील मोठा आनंद. हे शेवटचे वाचून मला हसू आवरले नाही. शिक्क्याचा तो आनंद आम्हा बँकवाल्यांना परका नाही. खारीच्या साठ्यातील कवचफळे चोरीला जातात. बर्फात पाळत ठेवणाऱ्या गॉर्डनच्या हाती एक चिमुकली उंदरीण लागते. तिने एक फळ घेतलेले असते, पण भुकेपोटी. तिला ना घर, ना नाव. गॉर्डन तिला चौकीत आणतो, खाऊ घालतो, नाव देतो आणि आपली मदतनीस करून घेतो. ती चपळ, तो मंद. ती भित्री, तो अनुभवी. दोघे मिळून खऱ्या चोरांचा शोध घेतात. या कथेत नियम मोडल्याची नोंद होते, कायदा हसण्यावारी नेला जात नाही. तरीही तपास करणाऱ्याला समोरच्याचे रिकामे पोट दिसते. शिक्का आणि करुणा एका टेबलावर सुखाने राहू शकतात, हे मुलांना याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

मराठी मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माहीत आहे. बंगालीतून आलेला सत्यजित राय यांचा फेलूदा त्यांना भेटला आहे. शाळांच्या ग्रंथालयांतून आता इटलीच्या एलिझाबेटा दामी यांचा जेरोनिमो स्टिल्टन हा पत्रकार उंदीरही दिसतो. पुस्तकांची वानवा नाही. वानवा असेल तर ती सोबत बसून वाचणाऱ्या मोठ्या माणसांची. म्हणून वाचकांपुढे एक साधा उपक्रम ठेवतो. रहस्यकथा वाचताना शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटावे. मुलाला कागदावर तीन रकाने आखायला सांगावे: ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटले’. कथेतील प्रत्येक धागा त्याने योग्य रकान्यात टाकावा. मगच उरलेले प्रकरण वाचावे. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिल्या दोन-तीन वेळी सगळा मजकूर तिसऱ्या रकान्यात जातो आणि मुले त्याला ‘पाहिले’ म्हणून आग्रह धरतात. पाचव्या-सहाव्या पुस्तकापर्यंत त्यांचा हात लिहिता लिहिता क्षणभर थबकू लागतो. तेवढे थबकणे म्हणजेच ते उचंत खाते.

या सवयीचा उपयोग पुस्तकापुरता नाही. सोसायटीत एखाद्या घरी सोन्याची साखळी सापडेनाशी होते. तासाभरात मोबाइलवरील समूहात संदेश फिरतो आणि त्यात कामाला येणाऱ्या बाईंचे नाव, कधी छायाचित्रसुद्धा असते. दुसऱ्या दिवशी साखळी कपाटाच्या खणात मागे अडकलेली मिळते. ‘साखळी मिळाली, सर्वांचे आभार’ असा संदेश येतो. आदल्या दिवशीच्या संदेशाविषयी त्यात अवाक्षर नसते. त्या बाईंची मात्र त्या इमारतीतील चार कामे सुटलेली असतात. लोखंड उंदरांनी खाल्ले असे सांगणारा व्यापारी निदान लबाड तरी होता. आपण सज्जन असूनही तेच करतो, कारण बोलू न शकणाऱ्याचे नाव तोंडात येणे सोपे असते.

अशा वेळी घरातील एखाद्या नातवाने मान वर करून विचारले, ‘आजी, हे तू पाहिलेस की तुला वाटले?’ तर त्याला उद्धट म्हणून गप्प करू नये. चौकशी करण्याचा तो हक्क त्याने बेझिल, हॅरोल्ड आणि गॉर्डन यांच्या सहवासात कष्टाने मिळवलेला आहे. संदेश पाठवण्याच्या कळीवर टेकलेले आपले बोट मात्र त्याचे उत्तर देऊन होईपर्यंत मागे घ्यावे.